दोन पट्ट्यांच्या मधोमध

केसाने गळा कापणे म्हणजे काय, हे मला एकसष्टाव्या वर्षी पळस्प्याला कळलं. कापणारा परका असता तर चार शिव्या घालून मी मोकळा झालो असतो. पण तो माझा कंडक्टर होता.

एकतीस वर्षं मी लाल गाडी चालवली, त्यातली तेरा वर्षं त्याच्या घंटेवर. बस चालवणाऱ्याला मागचं काही दिसत नाही. दार लागलं का, म्हातारी नीट चढली का, पायरीवर कोणी लोंबकळतंय का, हे सगळं कंडक्टरने बघायचं आणि घंटा मारायची. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. त्याने दोन मारल्या की मी गाडी हलवायचो, मान वळवून कधी खात्री केली नाही. तो उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातला, मी घाटावरून नोकरीसाठी आलेला. पहिला महिनाभर आमचं एकाही गोष्टीवर पटलं नाही. नंतर न विचारता एकमेकांच्या डब्यात हात घालायला लागलो. तो मला डायवर म्हणायचा, मी त्याला मास्तर. मीच त्याला गाडी चालवायला शिकवली, रविवारी रिकाम्या मैदानात, एका भंगारात निघालेल्या जीपवर.

आमच्या कामात कुठल्याच कागदावर न लिहिलेला एक नियम होता: गाडीतलं गाडीत. मास्तरची चूक मी घरी किंवा डेपोत सांगायची नाही, माझी त्याने सांगायची नाही. एकदा आपट्याला गाडी मागे घ्यायची होती. हा मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणत होता आणि तोंड फिरवून ओळखीच्या कुणाशी तरी लग्नाच्या गप्पा मारत होता. मी येऊ दिली आणि कुंपणाची भिंत पाडली. जबाबात मी लिहून दिलं, अंदाज माझा चुकला. बिनअपघाती चालकाचा बिल्ला त्या वर्षी हुकला, पुन्हा लागला नाही. बायको अजून मला "भिंतपाडे" म्हणून चिडवते. खरं काय ते मी तिलाही सांगितलेलं नाही. आज इथे पहिल्यांदा लिहितो आहे, आणि का लिहितो आहे ते पुढे कळेल.

निवृत्त झाल्यावर मी लाडिवली-आपट्याच्या रस्त्याला बसमधून जायचं सोडलं आणि मुलीच्या गाडीने जायला लागलो. मुलगी खारघरला राहते, तिथेच नोकरी करते. तिने नवी गाडी घेतली आणि स्वतः ऑफिसच्या बसने जाते म्हणून आमच्या दारात उभी केली. आरशाच्या मागे, काचेला चिकटून, काडेपेटीएवढा कॅमेरा. पुढचं वाहन जवळ आलं की तो ओरडतो, रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला की ओरडतो, अगदीच वेळ आली तर गाडी आपणहून ब्रेक मारते.

"बाबा, ही स्वतः थांबते," मुलगी कौतुकाने म्हणाली.

"मग मला कशाला बसवतेस? बाहुली बसव."

मी त्या कॅमेऱ्याचं नाव मुकादम ठेवलं. पहिलं वर्ष तो गप्प होता, कारण माझ्या चालवण्यात बोलायला जागा नव्हती. गेल्या वर्षी मात्र त्याची टिवटिव वाढली. मला वाटलं, काच मळली असेल. मी रोज सकाळी काच पुसायला लागलो.

दर बुधवारी मी आणि बायको आपट्याला तिच्या बहिणीकडे जायचो. पाताळगंगेच्या काठाला तिची चार नारळाची झाडं आहेत. त्या दोन बहिणी ओट्यावर बसून बोलायच्या, मी गाडी धुवायचो. आठवड्यातला तेवढा एक दिवस मला वाटायचं की आपण अजून कामावर आहोत. बाकी सहा दिवस मी दूध आणणारा, बिलं भरणारा, टीव्हीसमोर डुलक्या घेणारा म्हातारा. स्टिअरिंग काढून घेतलं तर माझ्यात लोकांना सांगण्यासारखं काही उरत नाही, हे मला कुणी समजावून द्यायला नको होतं.

अशाच एका बुधवारी परत येताना पुढच्या डंपरच्या चाकातून खडा उडाला आणि काचेवर कोळ्याचं जाळं उमटलं. मी सरळ पळस्प्याला गेलो. मास्तरने निवृत्तीनंतर तिथे मोटारींच्या काचांचं दुकान टाकलं आहे. तिकिटांचं मशीन आलं तेव्हा ज्याचे हात कापायचे, तो माणूस आता पुण्याला तीन दिवस शिकून येऊन लॅपटॉप चालवतो. मला त्याचा अभिमान वाटायचा. वाटायचा, असंच लिहितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नवी काच बसवली. चिकटा सुकेपर्यंत आम्ही त्याच्या घरच्या भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. मग मी किल्ली मागितली.

"थांब. अजून कॅमेऱ्याचा डोला लावायचा हाय."

"डोळा तोच आहे ना? तूच काढलास, तूच बसवलास."

"डोला तोच हाय, पन काच नवी हाय. केसभर जरी वाकडा बसला ना डायवर, तरी पन्नास मीटरवरचं अख्खं मानूस त्याला दुसऱ्याच जागी दिसंल. त्याला परत शिकवावं लागतं, सरल म्हंजे काय."

आधी त्याने गाडी सपाट लादीवर घेतली, चारही चाकांची हवा तपासली, डिकीतले बायकोचे नारळ उतरवले, कारण वजनाने गाडीचं नाक वर उचललं जातं. समोर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा फळा उभा करून फीत लावून अंतर मोजलं. मी बाजूला उभा राहून टोमणे मारत होतो की सासऱ्याच्या मयतीला तू एवढं केलं नव्हतंस. ते झाल्यावर म्हणाला, आता रस्त्यावर. ह्या गाडीचा डोळा नुसता फळा बघून तयार होत नाही. ठरलेल्या एका वेगाने, दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध, सरळ चालवत न्यायची. कॅमेरा पट्टे बघत जातो आणि लॅपटॉपवर आकडा चढत जातो. शंभर झाले की काम फत्ते.

एरवी तो स्वतः चालवतो. त्या दिवशी त्याने किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालव. तुज्यासारका सरल कोन चालवनार?"

खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली.

बंदराकडे जाणारा रस्ता आम्ही धरला. दुपारची वेळ, उजेड लख्ख, डावीकडे कंटेनरच्या ट्रेलरांची रांग. मास्तर बाजूला लॅपटॉप मांडीवर घेऊन. आकडा तीस झाला, चाळीस झाला आणि अडकला. मग एकदम शून्य. पुन्हा सुरुवात केली. पस्तीसवर शून्य. मध्येमध्ये मुकादम ओरडत होता की पट्टा ओलांडला. मी म्हणालो, "बघ, तुझा डोळाच तिरळा बसलाय. मी मधोमध आहे."  तिसऱ्या खेपेला आकडा बावीसच्या वर गेला नाही. मी घामाघूम झालो होतो, एसी चालू असताना.

तेव्हा मास्तर म्हणाला, "पट्टे पुसलेत रे या रोडचे. जाव दे. चल, चाय घेऊ."

एका टपरीवर आम्ही चहा प्यायलो. त्याने दोन पाव मागवले, अर्धाच खाल्ला. माझ्या नातवाचं विचारलं, माझ्या रक्तदाबाचं विचारलं. निघताना म्हणाला, "आता मी घेतो. तू जरा आराम कर." त्याच रस्त्याने, त्याच पुसलेल्या पट्ट्यांवरून तो गाडी घेऊन आला आणि पळस्पे यायच्या आधीच आकडा शंभर झाला. लॅपटॉपने टुणकन आवाज केला. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मगाशी मशीन तापली व्हती." मला ते पटलं. म्हणजे मी पटवून घेतलं. मी ज्याला क्लच सोडायला शिकवलं, त्याच्याकडून सरळ रेषेत हरण्यापेक्षा मशीन तापलेली बरी.

पुढच्या रविवारी मुलगी न सांगता आली. चपला काढल्या, पाणी प्यायली आणि माझ्यासमोर हात पसरला.

"बाबा, किल्ली द्या."

"कुठे जायचंय? मी सोडतो."

"नाही बाबा. तुम्ही आता चालवायची नाही. उद्या अकराला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय."

मी विचारलं, हे खूळ कुणाच्या डोक्यातलं. ती आधी टाळत होती. मी आवाज चढवला तेव्हा म्हणाली, "काका आले होते माझ्याकडे. ऑफिसला. गेटवर दोन तास उभे होते."

कोण काका ते सांगायला लागलं नाही. तो माणूस पळस्प्याहून खारघरला गेला, माझ्या मुलीच्या ऑफिसच्या गेटवर दोन तास उभा राहिला. माझं घर त्याच्या दुकानापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर आहे. तिथे यायला त्याला वेळ नव्हता. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी बायकोकडे बघितलं, ती तरी माझ्या बाजूने बोलेल म्हणून. ती कोथिंबीर निवडत होती. निवडलेलीच पुन्हा निवडत होती.

"तुलाही माहीत होतं?"

"मास्तरांनी सांगितलं ते नव्हतं माहीत," ती म्हणाली. "पण तुम्हाला डावीकडचं दिसत नाही, ते माहीत होतं. आठ महिने झाले."

आठ महिने. गाडीत बसलं की ही अखंड बोलायची. अहो, डंपर आला. अहो, गाय बसलीय. अहो, शाळा सुटली वाटतं. मी तिला म्हणायचो, तू रस्त्याची बातमीदार आहेस. माझ्या विनोदावर ती हसायची.

"मला वाटायचं तू बडबडतेस."

"वाटू दे म्हटलं."

"तोंडाने सांगायचंस ना सरळ!"

"सांगितलं असतं तर मला घरी ठेवून एकटे गेला असता. मग डंपर कोण सांगणार होतं?"

मी किल्ली जमिनीवर फेकली. साठी उलटलेल्या माणसाने असं करू नये. मुलीने ती उचलली, पर्समध्ये टाकली आणि मला म्हणाली, जेवण झालंय का. मी दोन्ही वेळ जेवलो नाही. सगळ्यांनी मिळून एक गोष्ट लपवली होती आणि ती गोष्ट मीच होतो. आपलेच दात, आपलेच ओठ, असं म्हणतात. माझे दात तर सगळे एका बाजूला झाले होते.

सोमवारी दवाखान्यात गेलो ते त्यांना खोटं पाडायला. दूरची अक्षरं मी खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली आणि मुलीकडे विजयाने पाहिलं. मग त्यांनी मला एका पांढऱ्या गोल भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं आणि हातात बटण दिलं. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला कुठेही उजेड चमकला की बटण दाबायचं. थोडे उजेड दिसले, मी दाबलं. मग काहीच येईना. मी वाट बघितली, आणखी वाट बघितली.

"ताई, मशीन बंद पडलं वाटतं," मी म्हणालो.

यंत्रावरची बाई हळू आवाजात म्हणाली, "चालू आहे काका. मघापासून चालूच आहे."

काचबिंदू. डॉक्टरांनी कागदावरचा काळा डाग दाखवला, डाव्या अंगाला खालपर्यंत उतरलेला. मधली नजर शाबूत असते म्हणून माणसाला पत्ता लागत नाही, म्हणाले. जे गेलं ते येणार नाही, उरलेलं थेंब घालून राखायचं. गाडी नाही. शेवटचे दोन शब्द त्यांनी मुलीकडे बघून उच्चारले, जणू मी तिथे नव्हतोच.

एवढं कळल्यावर माझा राग उतरायला हवा होता. उलट चढला. तो चुकीचा असता तर मास्तरशी मला एकदा भांडून मिटवता आलं असतं. तो बरोबर निघाला आणि तरी त्याने मला फसवलं होतं. मी बुधवारपर्यंत थांबलो. बुधवारी बायको बहिणीला फोनवर "आज नाही जमत" म्हणाली. तो आवाज ऐकून मी चप्पल घातली, शेअर रिक्षात मागे तिघांच्या मध्ये दाटीने बसलो आणि पळस्प्याला उतरलो.

तो एका गाडीची काच पुसत होता. मला बघून फडकं खाली ठेवलं. मी खुर्चीवर बसलो नाही.

"गाडीतलं गाडीत," मी म्हणालो. "विसरलास?"

"नाय इसरलो."

"मी तुझ्यासाठी भिंत अंगावर घेतली. बिल्ला गेला माझा. बायकोला बोललो नाही, पोरीला बोललो नाही. आणि तू माझ्या पोरीच्या ऑफिसात जाऊन माझी लाज काढलीस."

त्याने मान खाली घातली. "तवा भिंत व्हती, डायवर," तो म्हणाला. "आता मानसं हाय्त."

"मग मला सांगायचं होतंस! तोंडावर! तेरा वर्षं तुझ्या घंटेवर गाडी हाकली मी. तू म्हणाला असतास, थांब, तर थांबलो नसतो?"

"थांबला असतास?"

मी हो म्हणणार होतो. त्याच्या डोळ्यांत बघून ते खोटं मला बोलता आलं नाही. मी म्हणालो असतो, तुझा लॅपटॉप भिकार, तुझे पट्टे पुसलेले, तू कालचा ड्रायव्हर. त्यालाही ते माहीत होतं. मला इतकं पुरतं ओळखणारा माणूस जगात असावा आणि त्याने ती ओळख माझ्या पाठीमागे वापरावी, याचाच मला संताप आला.

"शेजारी बसून चहा प्यायलास माझ्याबरोबर," मी म्हणालो. आवाज फाटला, ते मला आवडलं नाही. "नातवाचं विचारत होतास. तेव्हाच ठरवलं होतंस ना? पट्टे पुसलेत म्हणे! मशीन तापली म्हणे!"

"व्हय. खोटा बोललो."  रस्त्यावरून गोव्याकडच्या गाड्या वळत होत्या. "माज्या तोंडातून शब्दच निंगत नव्हता. पाव पन गिलवंना. माजं हात बघितलं व्हतंस का चाय पिताना?"

"काय झालं होतं तुझ्या हातांना?"

"तिसऱ्या खेपंला. पुलाच्या अलीकडं. ती बाई."

त्याने डावा हात लांब केला.

"आपल्या डाव्या हाताला व्हती. डोक्यावर मच्छीची पाटी. आपून तिच्या इतक्या जवलून गेलो का तिच्या पाटीवरचा फडका माज्या बाजूच्या आरशाला लागला. मी तुला 'उजवीकडं घे' बोललो, तू घेतलीस पन. ती मागं दचकून रस्त्याच्या कडंला बसली, डोक्यावरची पाटी पडली. मी मागं वलून बघत व्हतो. तू मना बोललास, मागं काय बघतोस, आकडा बघ." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मना वाटलं, तू बघून न बघितल्यासारका करतोस. तवा राग आला मना तुजा. मग टपरीवर बसल्यावर ध्यानात आला का तुला..."

 मी खिशातला रुमाल काढला आणि उगीचच हात पुसले.

"कुठली बाई?" मी विचारलं.

मास्तरने खाली ठेवलेलं फडकं उचललं. त्याच्या दुकानाबाहेर एक रिक्षा उभी होती, मी तिच्यात बसलो. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. त्याचे फोन येतात, मी उचलत नाही. मला सांगायला हवं होतं त्याने, आधी मला, मुलीला नंतर. हे मी आजही म्हणतो आणि मरेपर्यंत म्हणेन.

पण रोज दुपारी आडवा झालो की मी ती तिसरी खेप पुन्हा चालवतो. ट्रेलरांची रांग येते, बंद पडलेला पेट्रोल पंप येतो, पूल येतो, पुलाचा तुटलेला कठडासुद्धा येतो. मास्तरचं "उजवीकडं घे" ऐकू येतं. एवढं सगळं येतं, आणि बाई येत नाही.